आजीच्या शिवणाच्या डब्यातली अवजारे

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि आजीच्या शिवणाच्या डब्याचे फोटो काल पोचले. विचारलेल्या पाचही वस्तूंची नावे सांगतोच. परंतु शेवटच्या ओळीत ‘तो दाभण बोटात चांगला खोल घुसला’ असे जे सहज लिहून मोकळा झालास, त्यावर धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेस की नाही, ते आधी कळव.

ज्याला तू दाभण म्हणतोस त्याला नेढे नाही, तेव्हा तो टोच्या आहे. त्याने कापडाचे धागे तुटत नाहीत, नुसते बाजूला सरकतात. म्हणून त्याने पाडलेल्या छिद्राभोवती टाके घातले की ते उसवत नाही.

पात्यांच्या मुळाशी खाच आणि स्क्रू असलेली कात्री मोडकी नाही, काजे कापायची आहे. कापडाची कड खाचेत अडकून शाबूत राहते, चीर पुढेच पडते, आणि स्क्रू फिरवून लांबी एकदा ठरवली की सदऱ्याची सगळी काजे एका मापाची होतात. आजी आधी चिंधीवर चीर पाडून तिच्यातून बटण काढून बघे. लाकडी अळंबीवर मोज्याचे भोक ताणून रफू करतात. लाल पिशवीत मात्र सुया टोचून ठेवू नकोस. ती दाबलीस आणि आत वाळूसारखे करकरले, तर ती एमरीची, म्हणजे धातू घासायच्या कठीण दगडाची, भुकटी समज. गंजलेली सुई चार-सहा वेळा तिच्यातून काढली की गंज उतरतो.

गंज म्हटल्यावर पुन्हा तेच मनात येते. गंजाने धनुर्वात होत नाही असे तू म्हणशील, आणि ते खरेही आहे. पण त्याचे जंतू माती-धुळीत असतात, खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही तिथे वाढतात, आणि तो डबा माळ्यावर किती वर्षे धूळ खात होता हे मला ठाऊक आहे. अशा जखमेनंतर, शेवटच्या डोसला ५ वर्षे उलटली असतील तर तो पुन्हा घ्यावा लागतो. तुझा शेवटचा डोस शाळेत सायकलवरून पडलास तेव्हाचा. हे व्याख्यान झाले, क्षमा कर. तू ३१ वर्षांचा झालास हे मी विसरतो, असे तुझी आई म्हणतेच.

राहिले दातेरी चाक. नमुन्याच्या रेघांवरून ते फिरवले की खालच्या कापडावर ठिपक्यांची ओळ उतरते. मी ते मोटार समजून जेवणाच्या टेबलावर फिरवले होते. आजी रागावली नाही. ठिपक्यांवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेली आणि ‘वळण चांगले घेतलेस’ एवढेच म्हणाली. तुझे फोटो त्याच टेबलावर काढलेले आहेत, डाव्या कोपऱ्यात ते ठिपके दिसतात. शेजारी अर्धा शिवलेला सदराही दिसला. मला साधी टीप कधी सरळ घालता आली नाही. तुझी मी भिंग लावून पाहिली.

तुझा,
बाबा

ता. क. बोट बरे आहे असा फोटो पाठवू नकोस. दवाखान्याची पावती पाठव.