नंदूला पत्र: पातेलं घरचं, सुखतळे नवे

नाशिक,
८ डिसेंबर

प्रिय नंदू,

तुझी यादी मिळाली. फोनवर "थोडीशी खरेदी करायचीय" म्हणालीस आणि पाठवलंस ते रुखवताचं पान वाटलं मला! टायटॅनियमचा टोप, टायटॅनियमचा कप, घडीचा चमचा, घडीची कढई (ही कुठे सापडली तुला?), कॉफी गाळायचं यंत्र, आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखं, "बुटात घालायला जेलचे सोल, कुठलेही, दोनशेवाले." बाई गं, ही यादी खालून वर वाच. पैसे जायचे तर आधी त्या शेवटच्या ओळीवर जाऊ देत. भांड्यांचं आपण घरातल्या घरात निभावू. नुसतं सांगून तू ऐकणाऱ्यातली नाहीस, कारणं लागतात तुला, म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी आपण जानेवारीत तीन दिवसांच्या ट्रेकला कुठे जातोय ते डोळ्यासमोर आण. रतनवाडीहून रतनगड, मग कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. चढाची मला काळजी नाही, चढताना फार तर दम लागेल, बसू, पाणी पिऊ. काळजी उताराची आहे. कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतकडे उतरताना घसाऱ्याची माती, सुटे दगड, कारवीची खोडं आणि पाठीवर ओझं. आणि तू मागच्या पत्रात सहज लिहून गेलीस की सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली काही पावलं टाच टेकवत नाही, मग हळूहळू सुटते. दिवसभर वर्गात उभं राहून संध्याकाळी पुन्हा ठणकते. हे सहज सोडून द्यायचं दुखणं नव्हे.

तळव्याखाली टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान त्यानेच ताणून धरलेली असते. रात्रभर पाऊल सैल पडलं की तो आखडतो आणि सकाळी पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो, म्हणून कळ. डॉक्टर लोक त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात आणि चाळिशी ते साठीच्या माणसांत ते सर्रास आढळतं. म्हणजे आपण दोघी ऐन मोसमात आहोत. तरी खरेदीच्या आधी एकदा फिजिओला पाय दाखवच. बसल्या जागीही ठणका असेल, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर ते प्रकरण वेगळं. त्याला दुकानातला सोल उपयोगाचा नाही.

आता जेलचं सांगते. दुकानात ते अंगठ्याने दाबलं की कसं मऊ, गार, लुसलुशीत लागतं, तिथेच माणूस फसतं. दिवसभर सपाट फरशीवर उभं राहायला ठीक आहे. डोंगरात दगड एका बाजूला कललेला असतो, पाऊल तिरकं पडतं, आणि तेव्हा टाचेखाली गादी असेल तर टाच त्यात डुलते. तुला आधार हवाय, आणि आधार थोडा टणकच असतो. सुखतळा, म्हणजे बुटात घालायचा सोल, हातात घेतलास की तीन गोष्टी बघ. टाचेची वाटी खोल आहे का, म्हणजे टाच तिच्यात बसली पाहिजे, नुसती वर टेकता कामा नये. मग कमानीखाली अंगठ्याने जोर लाव; लगेच चपटा झाला तर ठेवून दे. आणि सुखतळा वाकवून बघ. तो बोटांच्या सांध्याजवळ वाकायला हवा, मधोमध घडी पडणारा नको. चांगल्या सुखतळ्यात वर फोम आणि खाली कडक प्लास्टिकची पातळ कवटी असते, ती टाचेपासून कमानीच्या पुढेपर्यंत येते.

दोन-तीनशेपासून चार-पाच हजारांपर्यंत वाट्टेल ती किंमत आहे. पायाचा साचा घेऊन बनवून देणारेही भेटतील आणि तेच हवेत असं पटवतीलही. पण टाचेच्या साध्या दुखण्यात तयार सुखतळे आणि मापाने बनवलेले, यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत फारसा फरक आढळलेला नाही. तेव्हा मधल्या किमतीचे तयार घे आणि वाचलेल्या पैशांत लोकरीचे मोजे घे. सुती मोजे घाम धरून ठेवतात, मग फोड.

कमान किती उंच हवी हे बघायला पाय ओला करून तुमच्या मागच्या पडवीतल्या शहाबादीवर उमटव. पूर्ण तळवा उमटला तर कमान सपाट, मधे नुसती पट्टी उमटली तर उंच. हा ढोबळ अंदाज, शास्त्र नाही. शेवटी घालून चालल्यावर कमानीत काही टोचत-बोचत नाही ना, हेच खरं माप.

दुकानात संध्याकाळीच जा, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात आणि डोंगरातही तसेच सुजतात. ट्रेकचे मोजे आणि तेच बूट घेऊन जा. बुटातला मूळचा सुखतळा आधी काढायचा, मग नवा घालायचा. एकावर एक दोन घातले की पाऊल वर उचललं जातं आणि बुटात बोटांना जागा राहत नाही. नवा लांब असेल तर मूळचा त्यावर ठेवून पेनने रेघ मार, पण कात्री रेघेच्या बाहेरून चालव. घालून बघ, पुढे चुणी पडली तर आणखी एक कातरण काढ. टाचेकडून तर कधीच कापू नकोस. मग जिन्यावरून चार-दोनदा खाली उतर. अंगठा पुढे आपटत असेल तर त्या बुटांनी तीन दिवस उतरायचं नाही, नखं काळी होतील. टाच मागून वर सटकत असेल तर सगळ्यात वरच्या भोकांतून नाडी फासासारखी ओवून आवळ. तरी सटकली तर ती जोडी परत कर.

आणि हे आत्ताच, या आठवड्यात कर. नव्या सुखतळ्याला पाय सरावावा लागतो. पहिल्या दिवशी घरात तासभर, मग थोडं वाढवत, मग पर्वती किंवा तळजाई. जानेवारीत रतनवाडीला पहिल्यांदा घालायला काढलेस तर मी तुला तिथूनच परत पाठवीन! पोटऱ्यांचे व्यायामही चालू ठेव, भिंतीला हात टेकून, मागचा पाय ताठ, टाच जमिनीला. आखडलेली पोटरीच टाचेला ओढते, सुखतळा नुसता हात देतो. आपल्याबरोबर येणाऱ्या मुक्तासाठी मात्र काही घेऊ नकोस. तिचं काही दुखत नाहीये, पाय अजून वाढतोय, तिला नीट मापाचे बूट पुरे.

भांड्यांकडे येते. रतनगड-हरिश्चंद्रगडचा पट्टा अभयारण्यात येतो, तेव्हा तीन दगड मांडून लाकडं पेटवायची हौस डोक्यातून काढ. मोकळ्या कातळावर लहान गॅसची शेगडी, आणि तिथेही वनखात्याच्या माणसाला आधी विचारून. शेगडी माझ्याकडे आहे, गॅसच्या डब्यावर पिळून बसवायची.

टायटॅनियम हलकं असतं, मान्य. पण ते कुणासाठी? जे नुसतं पाणी उकळतात आणि पाकिटात ओततात त्यांच्यासाठी. आपण खिचडी करणार. टायटॅनियमचा पत्रा पातळ, आणि ॲल्युमिनियमच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच उष्णता तो पसरवतो. म्हणजे ज्वाळेच्या वरती रुपयाएवढा डाग करपणार आणि कडेला तांदूळ कच्चा. स्टील त्याहून मंद आणि वर जड. या कामाला ॲल्युमिनियमच बरं, आणि ते तुझ्या स्वयंपाकघरात आधीच आहे: काकूंचं ते हिंडालियमचं बुटकं पातेलं. दोन लिटरच्या आसपास असेल ना? तिघींना पुरतं. कान नाहीत म्हणून सांडशी घे. झाकण हवंच, नसलं की बराच गॅस हवेत जातो. फक्त त्यात कोकम, चिंच, टोमॅटो शिजवून ठेवायचं नाही, आंबट ॲल्युमिनियमला खातं. नवंच घ्यायचा हट्ट असेल तर हार्ड ॲनोडाइज्ड घे, त्याला आंबट लागत नाही. पण खरं सांगू, त्याआधी बोहरी आळीतल्या भांड्यांच्या दुकानांत एक चक्कर मार. काकूंच्या पातेल्यापेक्षा मोठं मात्र नको, शेगडीचे तीन पाय इवलेसे, वर रुंद भांडं ठेवलं की एका धक्क्यात खिचडी कातळावर.

खाण्याचं असं. कुमशेतला आणि पाचनईला आधी सांगून ठेवलं तर गावात पिठलं-भाकरी मिळते, तेव्हा रोज दोन्ही वेळ रांधायचं नाहीये. हरिश्चंद्रगडावर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे तूरडाळ छळते. मूगडाळ आणि तांदूळ दुपारीच डब्यात भिजत घालायचे, संध्याकाळी पटकन होतात. सकाळी चहा आणि दडपे पोहे. पोह्यांना विस्तवच लागत नाही. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी तू आण, ठेचा मी आणते. कॉफीचं यंत्र घरी ठेव.

गॅसचा हिशोबही करून ठेवलाय. एक लिटर पाणी उकळायला वारा नसताना साधारण १५ ग्रॅम गॅस जातो, वाऱ्यात सहज दुप्पट. २३० ग्रॅमचे दोन डबे घेतले की तिघींना चिंता नाही. थंडीत पहाटे ज्योत मरगळते, कारण ब्युटेन शून्याच्या जवळपास वायूच होत नाही आणि जळता जळता डबा स्वतःही गार पडत जातो. म्हणून रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेऊन झोपायचं. तू यादीत लिहिलेला गोल वाराअडव्या पत्रा या शेगडीभोवती चालत नाही, डबा आत तापून फुटू शकतो. दगडाच्या आडोशाला बसू. आणि तंबूत शेगडी पेटवायची नाही म्हणजे नाही, कितीही काकडलीस तरी. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो आणि त्याला वासही येत नाही.

डबे तू आणू नकोस, एसटीत ज्वालाग्राही सामान नेऊ देत नाहीत. मी नाशिकहून गाडीत टाकीन. तू संगमनेर-अकोलेमार्गे राजूरला उतर, स्टँडवर मी असेन. उतरलीस की आधी पेढे घे, पावशेर तरी. पायांचा ठसा आणि फिजिओ काय म्हणाला ते रविवारपर्यंत कळव, आणि सुखतळ्याचा फोटो पाठव, पॅक फोडायच्या आधी.

काकूंना नमस्कार, मुक्ताला पापा.

तुझी,
शुभा

ता. क. घडीचा चमचा घे हवा तर. तेवढा लाड चालेल.