पिळाचा खांब आणि कमल बस्तीचं कमळ

मा. संपादक,

चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, त्यामुळे नजर आधी दगडावर जाते. लेकीकडे पॅरिसला गेलो तेव्हा साँ सेव्हरँ या मध्ययुगीन चर्चमध्ये वेदीमागच्या खांबापाशी तासभर थांबलो. दोरासारखा पीळ भरलेला खांब, आणि वर माडाच्या झावळ्यांसारख्या फुटलेल्या कमानी! तिथे फ्रान्समध्ये, धर्म आणि सरकार वेगळे करणाऱ्या १९०५ च्या कायद्यापूर्वीची बहुतेक पॅरिश (स्थानिक वस्तीची) चर्चेस गावाच्या मालकीची. तरी प्रार्थना चालूच असतात.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, तर १२०४ ची. रट्ट राजा चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचीराजा याने ती बांधली. छतातलं ते कमळ शाळेच्या पोरांना मराठी-कन्नडमधून समजावून सांगायला हवं. दर रविवारी सकाळी मी विनामोबदला यायला तयार आहे.

– एक निवृत्त गवंडी, अनगोळ, बेळगाव