तुझ्या तिसऱ्या गुठळीबद्दल

प्रिय सोनू,

काल तू फोनवर रडलीस ते आईला सांगितलं नाही, पण मला झोप काही लागली नाही म्हणून लिहितोय. मायक्रोसर्जरी (मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडायची शस्त्रक्रिया) शिकताना उंदराची जेमतेम १ मिमीची रक्तवाहिनी जोडत होतीस, सुईने पुढच्या भिंतीबरोबर मागचीपण भिंत उचलली, तिसऱ्यांदा गुठळी झाली आणि तू म्हणतेस माझे हात यासाठी नाहीतच.

अगं बाळा, माझा हात आठव ना. मशीनमध्ये अंगठा गेला तेव्हा तू लहान होतीस, इतका चेचला होता की परत जोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं, म्हणून मग पायाचं दुसरं बोट काढून तिथे बसवलं. नंतर नर्स दर तासाला येऊन ते बोट दाबायची, पांढरं होऊन परत गुलाबी व्हायला किती वेळ लागतोय ते बघायची. दुसऱ्या रात्री रंग नको तितका झटकन परत यायला लागला आणि बोट जांभळं पडत चाललं, म्हणजे धमनीतून रक्त आत येत होतं पण शीर तुंबल्यामुळे बाहेर जाईना. पहाटे ३ वाजता परत ऑपरेशन थिएटरमध्ये. सर्जननी गुठळी काढली, शीर पुन्हा जोडली. एवढा बसलेला हात त्यांचा, तरी गुठळी झालीच ना! नर्सने वेळेत ओळखलं आणि त्यांनी न चिडता परत टाके घातले म्हणून बोट वाचलं.

ही शस्त्रक्रिया घडवणाऱ्या अमेरिकन सर्जन हॅरी बंकींनी तर घरच्या गॅरेजमध्ये सशाचे कान जोडायला घेतले होते, एकामागून एक फसत गेले, हवी तेवढी बारीक सुईसुद्धा मिळत नव्हती तेव्हा. १९६६ ला त्यांनी माकडाच्या पायाचा अंगठा हाताला लावला, १९६८ ला इंग्लंडमध्ये जॉन कॉबेटनी तेच माणसावर केलं. आता याच टाक्यांच्या जोरावर कॅन्सरमध्ये गेलेला जबडा पायातल्या हाडातून नवा करतात, पोटाच्या चरबीतून स्तन करतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

तर रक्तवाहिनीचा तेवढा खराब तुकडा कापून टाक आणि परत जोड. केसाहून बारीक धागा आहे तो, घाई केलीस तर तुटणारच.

जोडलेली संवेदनेची नस (मज्जातंतू) दिवसाला साधारण १ मिमी वाढते म्हणतात. मला सहाव्या महिन्यात शर्ट घालताना बटणाची कड त्या बोटाला पहिल्यांदा जाणवली, तुला ओरडून बोलावलं होतं आणि तू तेच बटण दहा वेळा काढून मला परत लावायला लावलंस.

लॅबला जायच्या आधी फोन कर.

तुझा बाबा