हिरवळ दिसली, समाध्या नाही दिसल्या?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आगाखान पॅलेसवरचा लेख वाचला. कमानी, व्हरांडे, हिरवळ, ऊन कोणत्या वेळी छान पडते, सगळे आले. अर्धे पान खर्ची पडले, पण मागच्या समाध्यांच्या वाट्याला एक ओळही आली नाही. जागा कमी पडली असेल!

दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून आगाखान तिसरे यांनी 1892 मध्ये हा वाडा बांधला, एवढे छापलेत, आभारी आहे. पण कमानींचे बंगले पुण्यात काय थोडे होते? कित्येक पाडून टॉवर उभे राहिले, कोणी हूं की चूं केले नाही. हा वाडा आपला वाटतो तो 1942 मुळे. 9 ऑगस्टला बापूंना पकडून इथे आणले आणि आठवडाभरातच, 15 ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले. 22 फेब्रुवारी 1944 रोजी बा, म्हणजे कस्तुरबा, गेल्या. दोघांचेही दहन याच आवारात झाले. बापू रोज फुले घेऊन महादेवभाईंच्या समाधीपाशी जात. त्या बागेला तुम्ही ‘फोटोप्रेमींसाठी पर्वणी’ म्हणता!

ही पर्वणी मी पाहिली आहे. मध्यंतरी सासूबाईंना दर्शनाला नेले होते. त्या चपला काढून समाधीजवळ टेकल्या, तोच एक लग्नाळू जोडपे फोटोग्राफरसह हजर. मुलीच्या झग्याचा घोळ फरशीवर लोळतोय, उजेड पाडायचा चंदेरी पत्रा थेट समाधीला टेकवून ठेवलेला. वर तो फोटोग्राफर म्हणतो, “आजी, फ्रेममधून जरा सरकता का?” सासूबाईंना ऐकू कमी येते. आपलाच फोटो काढतोय असे वाटून त्यांनी पदर सारखा केला आणि ताठ बसल्या. मीही त्यांना उठवले नाही. बसू दे त्याला ताटकळत.

आणि त्या फाटकापर्यंत पोचायला म्हाताऱ्या माणसाने नगर रस्ता ओलांडायचा कसा, तेही एकदा छापा. वार्ताहराला मात्र ऑफिसच्या गाडीने पाठवू नका, बसने पाठवा.

येत्या 22 फेब्रुवारीला बांवर निदान एक चौकट तरी द्या. राशिभविष्य अर्धे केलेत तरी जागा निघेल.

– एक जुनी वाचक, येरवडा