नमुने आपोआप गोळा होत नाहीत

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला मेटाबोलोमिक्सवरचा लेख वाचला. थकवा, झोप न लागणं, केमोनंतरचा त्रास यांचा माग रक्तातल्या शेकडो बारीकसारीक रेणूंमधून कसा काढतात, हे लेखकाने छान सोपं करून सांगितलंय. हे रेणू ओळखणाऱ्या यंत्राचा, मास स्पेक्ट्रोमीटरचा, फोटोही झकास. फक्त नमुने म्हणे 'गोळा केले जातात'. कोण करतं हो?

मी निवृत्त परिसेविका. आमच्या वॉर्डात असाच एक प्रकल्प चालू होता. रक्त उपाशीपोटी हवं, म्हणून ते पहाटे नाइटच्या सिस्टरने काढायचं. काढलं. वॉर्डबॉय मामा रॅक घेऊन खाली गेले तर सेंट्रिफ्यूजच्या (रक्त गरगर फिरवून पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्राच्या) खोलीला कुलूप, टेक्निशियन नऊनंतर उगवणार. मे महिना, ट्यूबा टेबलावर. संशोधक डॉक्टरांना फोन लावला तर म्हणाले, "चालतं हो सिस्टर थोडा वेळ." काय चालतं? ट्यूबमध्येही रक्तपेशी ग्लुकोज खातच असतात, साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के, आणि लॅक्टेट वाढत जातं. मग नंतर नमुने ठेवायच्या उणे ८० अंशांच्या फ्रीजरची ऐट कशाला? यंत्राने पेशंटचा थकवा मोजला की खोलीचं कुलूप, देव जाणे. ट्यूबवार वेळा मी रजिस्टरात लिहिल्या होत्या. कोणत्या आजोबांनी गुपचूप चहा घेतला तेही लिहिलं होतं, कारण चहाचाही माग अशा तपासणीत दिसतो. ते रजिस्टर कुणी मागितलं नाही. पेपर छापून आला. आभारांत फ्रीजरवाल्या कंपनीचं नाव होतं, वॉर्डाचं नव्हतं.

अमेरिकेत एनआयएचमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत, नर्सिंग संशोधनाची स्वतंत्र इन्स्टिट्यूट १९९३ पासून आहे. आमच्या एम.एस्सी.च्या मुली अजून 'नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता' याच विषयावर प्रश्नावल्या भरून घेताहेत. त्यांना तरी काय बोलणार, लॅबच्या दारात उभं कोण करतं?

आता लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. दर १२ मेला, परिचारिका दिनी, आपण दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल छापता. बाई लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या स्त्री सभासद होत्या. लढाईपेक्षा रोगराईनेच जास्त सैनिक मरतात, हे त्यांनी १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारपुढे मांडलं. यंदा त्यातली एखादी आकृती छापा. आणि सोबत पांढरी टोपी घातलेली हसरी मॉडेल नको. आमच्याकडे टोप्या कधीच गेल्या.

– एक निवृत्त परिसेविका, सातारा