तुझ्या त्या दमदार जुन्या शर्यती

पुणे, १८ मे

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. फोन केला असता तर तू नेहमीसारखं मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहायला बसलोय. आता मुकाट्याने वाच.

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की फ्रान्समधली ले मान्सची चोवीस तासांची मोटारशर्यत पूर्वी मर्दांची होती. ड्रायव्हर रस्ता ओलांडून धावत यायचे, गाडीत उड्या मारायचे, सरळ रस्त्यावर ताशी ४०० किलोमीटरने जायचे. मग नियमवाले आले, त्यांनी सीटचे पट्टे बांधले, शिकेनची नागमोडी वळणं घातली आणि सगळ्याचा वरणभात केला. जुलैत ले मान्स क्लासिकला, त्या जुन्या गाड्यांच्या शर्यतीला, चालला आहेस म्हणून तुला जास्तच चेव आलाय, हे मी समजू शकतो. पण वेग एकीकडे आणि सुरक्षितता दुसरीकडे अशी जी वाटणी तू केली आहेस, ती मला मान्य नाही.

मी जन्मभर ब्रेकवर पोट भरलं, तेव्हा सुरुवात तिथूनच. १९५३ साली टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी जॅग्वार सी-टाइपमधून ले मान्स जिंकली. फेरारीची इंजिनं जॅग्वारपेक्षा मोठी होती. जॅग्वारकडे मात्र डनलॉपचे डिस्क ब्रेक होते, बाकी बहुतेकांकडे ड्रम. ड्रम तापला की फुगतो, लायनर घसरायला लागतो, पेडल खाली खाली जातं आणि गाडी थांबायचं नाव घेत नाही. डिस्क उघड्या हवेत फिरते, ती निवते. म्हणजे म्युल्सान नावाच्या त्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला बाकीचे ब्रेक दाबायला लागले, तरी जॅग्वारवाल्याचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच. तोही चोवीस तास, प्रत्येक फेरीला. त्याच वर्षी जिंकणाऱ्या गाडीची सरासरी पहिल्यांदा ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६० किलोमीटरच्या वर गेली. थांबायची खात्री असली की माणूस पळवतो. हे आमच्या शॉपमध्ये नवीन पोरांना पहिल्या आठवड्यात कळतं, तुला साठीत सांगावं लागतंय.

आता १९५५. तुझ्या मेसेजमध्ये या सालाचा उल्लेखच नाही, आणि तू राहतोस मर्सिडीजच्या स्टुटगार्टला!

११ जून, शनिवार. चार वाजता शर्यत सुरू झाली आणि थोड्याच वेळात जॅग्वारचा माइक हॉथॉर्न आणि मर्सिडीजचा हुआन मॅन्युएल फॅन्जिओ एकमेकांना सोडायला तयार नव्हते. चोवीस तासांची शर्यत ते दोन तासांची असल्यासारखे चालवत होते. मर्सिडीज ३०० एसएलआरला ड्रम ब्रेकच होते. ते पुरणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ड्रायव्हरच्या पाठीमागे एक मोठं झाकण बसवलं होतं, ब्रेकच्या वेळी ते उभं राहून हवा अडवायचं. जुगाड म्हणून भारीच, पण जुगाड तो जुगाड.

साडेसहाला काही मिनिटं कमी असताना हॉथॉर्नने लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकलं आणि लगेच पिटमध्ये, म्हणजे पेट्रोल-टायरसाठी थांबायच्या जागी, जाण्यासाठी उजवीकडे घेऊन ब्रेक मारला. मॅकलिन वाचण्यासाठी डावीकडे आला. डावीकडून सुमारे ताशी २४० किलोमीटरने पिअर लेव्हेगची मर्सिडीज येत होती. ती हीलीच्या उतरत्या शेपटीवर चढून उडाली आणि मातीच्या बांधावर आदळली. गाडीचे तुकडे झाले. इंजिन, पुढचा ॲक्सल, बॉनेट सगळं पिटसमोरच्या गर्दीत घुसलं. नीट दिसावं म्हणून तिथे लोक शिड्यांवर, खोक्यांवर उभे होते. बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची असल्याने ती पेटली, आणि पाणी मारल्यावर आणखी भडकली. लेव्हेगसह ८० हून अधिक माणसं गेली. फॅन्जिओ लेव्हेगच्या मागेच होता आणि त्या धुरातून सुखरूप निघाला. लेव्हेगने शेवटच्या क्षणी हात वर करून आपल्याला सावध केलं, असं तो कायम सांगायचा.

हा लेव्हेग कोण, ते तुला माहीत असायला हवं, कारण तुझ्या व्याख्येतला अस्सल मर्द तोच. १९५२ मध्ये त्याने टॅल्बो गाडी एकट्याने चालवली. जोडीदार पिटमध्ये तयार उभा होता, पण हा पठ्ठ्या स्टिअरिंग सोडायला तयार नाही. इंजिनात काहीतरी हलतंय, ते आपणच सांभाळून नेऊ शकतो, असं त्याचं म्हणणं होतं. जवळजवळ २३ तास एकटा, चार फेऱ्यांनी पुढे, आणि शेवटच्या टप्प्यात इंजिन गेलं. पहिले दोन्ही नंबर मर्सिडीजला मिळाले. त्याच मर्सिडीजच्या संघप्रमुख आल्फ्रेड नॉयबाउअरने तीन वर्षांनी त्याला आपल्या गाडीत बसवलं, तेव्हा तो ४९ वर्षांचा होता. आज नियम आहे की एका ड्रायव्हरने सहा तासांत चारपेक्षा जास्त आणि एकूण चौदापेक्षा जास्त तास चालवायचं नाही. हा नियम तुला वरणभात वाटतो का?

१९५५ च्या त्या अपघातानंतर शर्यत थांबवली नाही. आयोजकांचं म्हणणं असं की सगळे प्रेक्षक एकदम निघाले असते तर रस्ते तुंबले असते आणि अँब्युलन्स अडकल्या असत्या. या निर्णयाचा मला राग येत नाही. राग येतो तो दुसऱ्या दिवशी जिंकल्यावर शॅम्पेनची बाटली घेऊन हसणाऱ्या हॉथॉर्नच्या फोटोचा. मग आठवतं, पोरगा २६ वर्षांचा होता. मर्सिडीजने रात्री पावणेदोनच्या सुमारास, पहिल्या नंबरवर असताना, आपल्या गाड्या काढून घेतल्या.

चौकशीत एकाही ड्रायव्हरला दोषी धरलं नाही, आणि ते योग्यच होतं. १९२३ मध्ये पहिली शर्यत झाली तेव्हा जिंकणाऱ्या शेनार-वॉकरची सरासरी होती ताशी ९२ किलोमीटर. १९५५ मध्ये त्याच्या दुपटीहून जास्त वेगाच्या गाड्या पिटसमोरून जात होत्या आणि रस्ता जवळपास तोच. पिट म्हणजे रस्त्याची कडा, मध्ये भिंत नाही. ज्याला थांबायचंय आणि ज्याला भरधाव जायचंय ते दोघे एकाच पट्ट्यात. अपघातानंतर पिट आणि स्टँड पाडले, रस्ता रुंद केला, आणि १९५६ ची शर्यत जूनऐवजी जुलैअखेर घेतली. स्वित्झर्लंडने तर सर्किटवरच्या शर्यतींवर बंदीच घातली, ती कित्येक दशकं टिकली.

१९५७ मध्ये इटलीत मिले मिलिया या रस्त्यांवरच्या शर्यतीचं तेच झालं. गिदिझोलो गावाजवळ आल्फोन्सो द पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. तो, त्याचा जोडीदार आणि रस्त्याकडेचे नऊ प्रेक्षक गेले, त्यात पाच मुलं. ती शर्यत त्या रूपात परत झाली नाही. श्रीकांत, ड्रायव्हरने आपला जीव पणाला लावायला माझी हरकत नाही, पण कडेला उभ्या असलेल्या पोराला कोणी विचारलं होतं?

आता तुझी लाडकी धाव. दिसायला ती देखणी होती, यात वाद नाही. एका बाजूला गाड्या तिरक्या रांगेत, समोर ड्रायव्हर, झेंडा पडला की पळत सुटायचं. सीटबेल्ट नव्हते तोवर ठीक होतं. बेल्ट आल्यावर भानगड झाली, कारण चार-पाच पट्टे नीट बांधायला वेळ लागतो आणि तेवढ्यात वीस गाड्या पुढे जातात. म्हणून लोक तसेच निघायचे आणि पुढे सरळ रस्त्यावर, गुडघ्यांनी स्टिअरिंग धरून, दोन्ही हातांनी पट्टे शोधायचे. १९६८ मध्ये विली मेरेसने घाईत दार नीट लावलं नाही. ते वाटेत उघडलं, गाडी आदळली आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली.

पुढच्या वर्षी झेंडा पडला, सगळे धावले आणि २४ वर्षांचा जॅकी इक्स चालत निघाला. दुपारी फिरायला निघाल्यासारखा, आरामात. भरधाव निघालेल्या एका गाडीपासून त्याला अंगही चोरावं लागलं. फोर्ड जीटी४० मध्ये बसला, पट्टे नीट आवळले आणि सगळ्यांत शेवटी निघाला. त्याच पहिल्या फेरीत मेझों ब्लांशच्या वळणापाशी जॉन वुल्फची पोर्शे ९१७ आदळली. त्याने पट्टे बांधले नव्हते. तो गेला.

आणि चोवीस तासांनी, जवळजवळ ५००० किलोमीटर तोडल्यावर, इक्स आणि जॅकी ऑलिव्हरची फोर्ड हान्स हेरमानच्या पोर्शेच्या सुमारे १२० मीटर पुढे होती. सुरुवातीला घालवलेले ते काही सेकंद आणि शेवटी राहिलेलं ते अंतर शेजारी ठेवून बघ, अंगावर काटा येतो. १९७० मध्ये ड्रायव्हर पट्टे बांधून गाडीत बसूनच निघाले आणि १९७१ पासून चालत्या गाड्यांचा स्टार्ट आला.

गंमत अशी, की हा इक्स काही सुरक्षिततेचा प्रचारक नव्हता. जॅकी स्टुअर्ट त्या काळात फॉर्म्युला वनमध्ये कठडे, डॉक्टर, बेल्ट यासाठी भांडत होता आणि भित्रा म्हणून बोलणी खात होता. त्या मोहिमेत इक्स कधी मनापासून सामील झाला नाही. पण मूर्खपणाला मूर्खपणा म्हणायला मोहीम लागत नाही. उलट यो बोनियर ग्रां प्री ड्रायव्हर्स असोसिएशनचा कित्येक वर्षं अध्यक्ष होता, आयुष्यभर याच विषयावर बोलला, आणि १९७२ मध्ये ले मान्सलाच दुसऱ्या गाडीला लागून त्याची लोला गाडी कठड्यावरून झाडांत गेली आणि तो गेला. अशा वेळी नियम-बियम सगळं व्यर्थ वाटतं खरं.

राहिली म्युल्सानची सरळ रेघ. तो साधा सार्वजनिक रस्ता आहे, ले मान्सहून तूरला जाणारा, एरवी त्यावर ट्रक चालतात. १९८८ मध्ये रॉजे डोर्शीने डब्ल्यूएम-पूजो गाडीतून तिथे ताशी ४०५ किलोमीटरचा वेग नोंदवला. प्रत्यक्षात आकडा थोडा जास्त होता, पण पूजोची ४०५ नावाची गाडी नुकतीच बाजारात आली होती म्हणून तेवढाच जाहीर केला, असं म्हणतात. ती डब्ल्यूएम नंतर इंजिन तापून बंद पडली. १९९० मध्ये सहा किलोमीटरच्या त्या रस्त्यात दोन शिकेन आले आणि तुझ्या मते शर्यत तिथे संपली. मग हा हिशेब बघ. १९७१ मध्ये मार्को आणि व्हॅन लेनेप यांच्या पोर्शे ९१७ ने ५३३५ किलोमीटर कापले, सरासरी ताशी २२२. हा विक्रम ३९ वर्षं टिकला आणि २०१० मध्ये ऑडीने मोडला, मध्ये दोन्ही शिकेन असताना, ५४१० किलोमीटर करून. पुढच्याच वर्षी ऑडीच्या दोन गाड्यांचा अक्षरशः चुरा झाला आणि मॅकनिश व रॉकेनफेलर दोघेही त्यातून जिवंत बाहेर आले.

एक माणूस राहिला. १९५५ मध्ये लेव्हेगचा जोडीदार होता जॉन फिच, अमेरिकन, युद्धात लढाऊ विमानं उडवलेला. लेव्हेगनंतर गाडीत बसायचं म्हणून तो पिटमध्ये थांबला होता, आणि गाड्या मागे घ्या असा आग्रह त्याने धरला होता. पुढे त्याने महामार्गांसाठी वाळूची पिंपं काढली. पुलाच्या खांबापुढे किंवा रस्ता फुटतो त्या टोकाशी रांगेने ठेवायची, पहिल्यात वाळू कमी, पुढे वाढत जाते, म्हणजे गाडी दणकन न थांबता टप्प्याटप्प्याने थांबते. अमेरिकेत मुलीकडे जाशील तेव्हा हायवेवर पिवळ्या पिंपांची रांग दिसेल, ती याची. आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी त्या जागी काळेपिवळे पट्टे रंगवलेला सिमेंटचा ठोकळाच असतो.

तुमच्या तिथल्या मर्सिडीजच्या म्युझियममध्ये ३०० एसएलआर ठेवलेली आहे, चाकांच्या आत डोकावून मला ब्रेकचे फोटो पाठव. पूर्ण गाडीचे नकोत, ते कुठेही मिळतात. ले मान्सला गेलास की पिटसमोरच्या स्टँडमध्ये बस आणि पूर्वीचा रस्ता किती अरुंद असेल याचा अंदाज घे. तरीही तुझं मत तेच राहिलं, तर दिवाळीत ये आणि समोरासमोर भांड. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय

ता. क. : २००९ मध्ये आपला नारायण कार्तिकेयन ऑडी चालवायला ले मान्सला गेला होता. शर्यत सुरू होण्याआधीच पिटच्या कठड्यावरून उतरताना पडला, खांदा निखळला, आणि उरलेल्या दोघांनी चोवीस तास गाडी ओढली. तेव्हा फोटो काढण्याच्या नादात कुठल्या कठड्यावर चढू नकोस. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन अजून वर्षसुद्धा झालेलं नाही.