न मेलेल्या कोंबड्यांचेही नमुने तपासा

संपादक महोदय,

स. न.

कोंबड्यांच्या रोगांची बातमी होते ती बहुधा मरतुकीमुळे. शेडमध्ये एकाएकी पक्षी मरू लागले की धावपळ होते, नमुने प्रयोगशाळेत जातात आणि विषाणूचे नाव कळते. गंबोरो या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या बाबतीत मात्र नेमक्या याच रीतीमुळे रोगाची मोठी बाजू अंधारात राहते. पक्ष्यांच्या रोगनिदानाचे काम अनेक वर्षे करत असल्याने त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

तीन ते सहा आठवड्यांच्या कोंबड्यांत हा रोग उघड दिसतो. पांढरी पातळ हगवण लागते, पक्षी पिसे फुगवून थरथरत बसतात आणि शवविच्छेदनात मांडीच्या व छातीच्या स्नायूंत रक्तस्राव आढळतो. तीन आठवड्यांच्या आत लागण झाली, तर यातले बहुधा काहीच दिसत नाही. पिल्लू खाते, पिते आणि हिंडते. परंतु गुदमार्गाच्या वरच्या बाजूला असलेली बर्सा नावाची छोटी पिशवी विषाणू आतून निकामी करत असतो. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी याच पिशवीत परिपक्व होतात. प्रतिपिंडे तयार होण्यासाठी बर्सा आवश्यक असते, हे अमेरिकेतील ब्रूस ग्लिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली दाखवून दिले, आणि माणसाच्या शरीरातील ज्या पेशींना आपण ‘बी पेशी’ म्हणतो त्यांच्या नावातला ‘बी’ही या बर्सावरूनच आलेला आहे. लहान वयात ही पिशवी गमावलेल्या पक्ष्याला पुढे रानीखेत या दुसऱ्या विषाणूजन्य रोगाची लस दिली, तरी ती नीट लागू पडत नाही. मग लसीला किंवा लस देणाऱ्याला दोष दिला जातो, आणि खरे कारण कोणी शोधत नाही.

या रोगाचा इतिहासही असाच आहे. कॉसग्रोव्ह यांनी 1962 साली अमेरिकेच्या डेलावेअर राज्यातील गंबोरो भागातल्या रोगाचे पहिले वर्णन केले, तेव्हा त्यांचे लक्ष मूत्रपिंडांच्या हानीने वेधून घेतले होते. या विषाणूमुळे रानीखेतच्या लसीचा प्रतिसाद दबतो, हे त्यानंतर दहा वर्षांनी, 1972 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून पुढे आले. पुढे 1980 च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर विषाणूचे बदललेले उपप्रकार सापडले. ते पक्षी मारत नव्हते आणि बर्साला सूजही आणत नव्हते, तिला थेट सुकवत होते. लस घेतलेल्या कळपांतही ते शिरले होते. ते हाती लागले, कारण संशोधकांनी मरतुकीची वाट पाहिली नाही. तक्रार असलेल्या कळपांत त्यांनी पहारेकरी म्हणून पिल्ले ठेवली आणि त्यांच्या बर्सांतून विषाणू वेगळा केला. याउलट त्याच दशकाच्या अखेरीस युरोपात पसरलेला अतितीव्र प्रकार कोणाला शोधावा लागला नाही, मरतुकीमुळे तो आपोआपच दिसला. अलीकडे चीनमध्ये आढळलेले नवे उपप्रकार पुन्हा त्या मूक जातीचे आहेत.

विषाणू बदलतो कसा, हे आता बरेच उलगडले आहे. त्याचा जनुकीय ऐवज दुपदरी आरएनएच्या दोन तुकड्यांत असतो. कवचाचे व्हीपी2 हे प्रथिन पहिल्या तुकड्यावर लिहिलेले असते, आणि त्याच्या बाहेर डोकावणाऱ्या भागातील मोजकी अमिनो आम्ले बदलली तरी लसीने तयार झालेली प्रतिपिंडे त्याला नीट ओळखू शकत नाहीत. दोन वेगळे विषाणू एकाच पक्ष्यात भेटले, तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदलही होते. म्हणून केवळ ‘गंबोरो आहे’ एवढा अहवाल अपुरा ठरतो. कोणता गंबोरो आहे, हे जनुकक्रम वाचूनच सांगता येते, आणि दोन्ही तुकडे वाचावे लागतात.

लस कधी द्यावी, हा प्रश्नही यालाच जोडलेला आहे. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ब्रॉयलरमध्ये साधारण तीन ते साडेतीन दिवसांनी निम्मी होतात. ती जास्त असताना पाण्यातून दिलेली जिवंत लस वाया जाते, आणि ती उतरल्यावर उशीर केला तर शेडमधला विषाणू आधी पोहोचतो. हा विषाणू चिवट आहे. रिकाम्या शेडमध्ये तो काही महिने टिकून राहू शकतो आणि लिटरमधल्या (शेडच्या जमिनीवर अंथरलेल्या भुशातल्या) काळ्या भुंगेऱ्यांतही आढळतो. त्यामुळे सर्व कळपांना कॅलेंडर पाहून एकाच दिवशी लस टोचण्या-पाजण्याची सवय मला धोक्याची वाटते. पहिल्या काही दिवसांत वीसेक पिल्लांचे रक्त तपासून दिवस ठरवणे हे काही अवघड काम नाही.

माझी मागणी साधी आहे. ज्या कळपात मरतूक नाही, पण वजन मागे आहे, श्वसनाचे आजार वारंवार होतात किंवा रानीखेतच्या लसीचे टायटर (रक्तातील प्रतिपिंडांची पातळी) कमी येते, त्या कळपातील चार-पाच पक्ष्यांच्या बर्सा नियमितपणे तपासल्या जाव्यात, आणि निघालेले जनुकक्रम सर्व संशोधकांना खुले असावेत. (हा रोग माणसाला होत नाही, तेव्हा अशी माहिती उघड झाल्याने ग्राहकांनी घाबरण्याचे कारण नाही, हे वृत्तपत्रांनी त्याच बातमीत सांगावे.) नमुना पाठवताना बर्साचा अर्धा भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवावा, म्हणजे पेशींची हानी सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल. उरलेल्या भागाचा ठसा रसायन लावलेल्या विशेष कागदी कार्डावर घ्यावा. त्या कार्डावर विषाणू निष्क्रिय होतो, पण त्याचा आरएनए वाचण्याजोगा राहतो, आणि नमुना बर्फाशिवाय दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचू शकतो.

आपला,
एक पशुवैद्यक